पिक्चर बघून ठरलेली सोयरीक

आमच्या भागात सोयरिकीला पाहुणे आले की आधी विहीर बघतात. उन्हाळ्यात पाणी कुठवर टिकतं ते विचारतात. मग गोठ्यात डोकावतात, मग भावकीत बांधावरून काही आहे का याचा तिसऱ्याच माणसाकडून अंदाज घेतात. मुलगी सगळ्यात शेवटी बघतात. कासुर्डीचे पाहुणे आमच्या मुलीला बघायला आले तेव्हा त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पोह्यांची बशी रिकामी करून खाली ठेवली, मिशीवरून रुमाल फिरवला आणि आमच्या मालकांना विचारलं, "मग, साहेबांचा नवा पिक्चर कवा बघायचा?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर उभी होते. मालकांना दोनच साहेब माहीत. एक कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि दुसरा वायरमन. त्या दोघांपैकी कुणी पिक्चर काढला असेल असं त्यांना वाटेना.

"कोणतं साहेब?" त्यांनी विचारलं.

पाहुण्यांचा चेहरा उतरला. मला मात्र ते पायरी चढले तेव्हाच कळलं होतं. मधोमध भांग, कानांवर आलेले केस, सगळे काळेभोर, आणि दोन्ही टोकांना खाली वळलेली मिशी. ती मिशी मी ओळखत होते. ज्याची होती त्यानं ती केव्हाच काढून टाकली, पण कासुर्डीत ती अजून चालू होती.

त्या हिरोचं नाव मी इथं लिहीत नाही. नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, मग याचंच कशाला घ्या. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. नवऱ्याला मी 'हे' म्हणते, दिराला 'भावजी' म्हणते, आणि जो माणूस मला जन्मात भेटला नाही त्याला 'तो'. तो आला, तो मेला, त्यानं तिला सोडलं. देव सोडला तर एकेरीत बोलावं इतका जवळचा परका पुरुष मला तेवढा एकच.

पाहुणे गेल्यावर मुलगी माझ्यामागं गोठ्यात आली. ती रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे, आणि हा मुलगाही तिथंच शेजारच्या लाईनवर. स्थळ आमच्या नात्यातल्या एका मामांनी सुचवलं असं मालकांना वाटत होतं. मामांना ते कुणी सुचवलं, हे मला त्या दिवशी कळलं. कंपनीच्या बसमध्ये दोघांचं सगळं ठरून झालं होतं. आता वडीलधाऱ्यांनी ते ठरवायचं तेवढं राहिलं होतं.

"आई, मला दुसरं कुणी नको," ती म्हैशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "आन् त्याचे वडील पिक्चरवर ठरवतात. हसू नको, खरं हाय. व्याह्यांना आधी पिक्चरला नेत्यात. थोरल्याचं एका ठिकाणी जमत आलं होतं, पण मुलीचा बाप थेटरात झोपला. यांनी घरी येऊन सांगितलं, जो माणूस साहेबांपुढं झोपतो तो आपल्या पोराच्या अडचणीला जागा राहायचा न्हाई."

"मग?"

"मग काय, मोडलं. आई, आप्पांना तेवढं जागं ठेव."

जगात दुसरं काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. आमचे मालक बसले की झोपतात. ग्रामसभेत झोपतात, कीर्तनात झोपतात, हळदीच्या पाटावर बसल्या बसल्या झोपले होते म्हणून त्यांची बहीण अजून चिडवते. त्यात त्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्रीची होती. रात्रभर उसाला पाणी देणारा माणूस दुपारी अंधाऱ्या, गार जागेत मऊ खुर्चीवर बसवायचा आणि त्याला जागं ठेवायचं.

मी कधी थेटरात गेले नव्हते. मालक म्हणायचे, "अंधारात बसायला आपण काय चोरी केलीय?" पण त्या हिरोशी माझी ओळख मालकांच्या आधीची. माझं माहेर नदीच्या पलीकडचं, दौंड तालुक्यातलं. तिथं जत्रेत पिक्चरचा तंबू यायचा. पडदा तंबूच्या मधोमध बांधायचे. एका बाजूला मशीन आणि पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. म्हणजे आम्ही पाठीमागून बघायचो. त्यामुळं आमचा हिरो डावखुरा होता. डाव्या हातानं आरती ओवाळायचा, डाव्या हातानं प्रसाद घ्यायचा, डाव्या हातानं जेवायचा. माझ्या आईला त्याचं फार वाईट वाटायचं. "एवढं देखणं लेकरू," ती म्हणायची, "आन् कुणी वळण लावलं न्हाई." पडद्यावरची अक्षरंही उलटी दिसायची. मी तेव्हा चौथीत होते, मला वाटायचं हिंदी अशीच लिहितात. लग्न होऊन इकडं आल्यावर शेजारी टीव्ही आला आणि त्यावर तो उजव्या हातानं जेवताना दिसला. मला बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, सुधारला.

लोक त्याच्या मारामाऱ्यांबद्दल बोलतात, आवाजाबद्दल बोलतात. मी इतकी वर्षं त्याचं जेवण बघत आले. बाकीचे हिरो ताटावर बसतात, घास मोडतात, तेवढ्यात कुणीतरी वाईट बातमी घेऊन येतं आणि घास ताटात पडतो. हिंदी पिक्चरमध्ये अन्न पोटात जातच नाही. जिनं रांधलं तिचं पुढं काय होतं, कुणी दाखवत नाही. हा मात्र खातो. चावतो, गिळतो, मग बोलतो.

सुरुवातीला तो हमाल असायचा, ट्रकचा ड्रायव्हर असायचा. तेव्हा भुकेल्या माणसासारखा खायचा, कोपर बाहेर काढून, नजर दुसऱ्या चपातीवर. मग तो इन्स्पेक्टर झाला आणि उभ्या उभ्या डब्यातून खाऊ लागला. मग मोठा शेठ झाला, लांबलचक टेबलाच्या एका टोकाला बसून काट्याचमच्यानं खाऊ लागला, आणि त्याचे पिक्चर पडायला लागले. लोक त्याची बरीच कारणं सांगतात. माझं कारण साधं आहे. काट्याचमच्यानं खाणाऱ्या माणसाचं दुःख आपल्यापर्यंत पोचत नाही. त्यानंतर बरीच वर्षं तो दिसलाच नाही, आणि आला तो एकदम बाप होऊन आला, पांढऱ्या केसांचा. हातानं खायला लागला. एका पिक्चरमध्ये बायको वारल्यावर तो पहिल्यांदा स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतो. बसतो, घास घेतो, मीठ नाही म्हणून उठतो, मीठ कुठं ठेवलंय ते त्याला माहीत नसतं, म्हणून परत येऊन तसंच आळणी जेवतो. एक शब्द बोलत नाही, मागं गाणं नाही. त्या आळणी घासासाठी मी त्याचे पुढचे सगळे वाईट पिक्चर माफ केले. ते बरेच आहेत.

अलीकडचे मुलीनं मला मोबाईलवर लावून दिले. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि भाकरी थापता थापता बघायचा. एकात तो सत्तरीत हेलिकॉप्टरमधून उडी मारतो. तोंड दाखवतात तेव्हा सत्तरीचा असतो आणि पाठ दाखवतात तेव्हा तिशीचा. म्हणून मारामारी सगळी पाठीमागूनच आहे. मला त्याचं नवल वाटलं नाही, मी त्याला लहानपणापासून पडद्याच्या पाठीमागूनच बघितलाय. दुसऱ्यात त्याला कंप्युटरनं तरुण केलाय. पोपडे आलेल्या भिंतीला ऑइलपेंट दिल्यासारखा दिसतो. हसला की ओठ हसतात, गाल जागचे हलत नाहीत. हिरॉईन नातीच्या वयाची, ती त्याला बघून पदरात तोंड लपवते. लाजते असं दाखवलंय, पण मला वाटतं बिचारी हसू दाबत असावी. तिसरा एक कोर्टाचा होता. त्यात तो जज्ज आहे, येऊन जाऊन खुर्चीत बसतो आणि लोकांचं ऐकतो. पण काय ऐकतो! एक बाई तिच्या मुलाबद्दल सांगत असते आणि हा टेबलावरचा पाण्याचा पेला उचलतो, पीत नाही, तसाच खाली ठेवतो. माझं परातीतलं पीठ वाळून गेलं. तो पिक्चर चालला नाही म्हणे. हेलिकॉप्टरचा चालला.

नवा पिक्चर त्याचा शेवटचा आहे, यानंतर तो काम करणार नाही, असं सगळीकडं सांगत होते. म्हणून कासुर्डीच्या पाहुण्यांना तो जास्तच महत्त्वाचा होता. दौंडच्या थेटरात दुपारचा खेळ ठरला. सकाळी मुलीनं आम्हाला दोघांना शिकवून ठेवलं.

"आप्पा, संपलं की एवढंच म्हणायचं, 'काय काम केलंय!' बाकी काय बोलू नका."

"आन् मधी विचारलं तर?"

"तरी तेच म्हणायचं."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू नेहमीसारखी गप राहा."

ते मला जमण्यासारखं होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. बचत गटात हजेरीसुद्धा मी मान हलवून देते.

पूल ओलांडून, चौफुल्यावरून आम्ही दौंडला पोचलो तर पाहुणे थेटराच्या दारात उभे. शेजारी त्यांची बायको. अंगानं बारीक, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही, हातात जेवणाचा डबा मावेल अशी मोठी पिशवी. मागं मुलगा, आमच्या मुलीला जन्मात कधी न पाहिल्यासारखं तोंड करून. दारालगत पाहुण्यांच्या मंडळानं फ्लेक्स लावला होता. वर आभाळाएवढा तो. खाली मंडळाचे कार्यकर्ते ओळीनं, आणि कोपऱ्यात जरा मोठे करून आमचे पाहुणे, हात जोडलेले. पाहुण्यांनी फ्लेक्सपुढं नारळ फोडला. मग झेंडूचा हार काढून तो मालकांच्या हातात दिला.

"पाव्हणं, आजचा मान तुमचा."

मालकांनी वर बघितलं. हिरोचा गळा विजेच्या खांबाएवढ्या उंचीवर होता. मालक व्यवहारी माणूस. खाली हाताला येईल असा एक खिळा दिसला, तिथं त्यांनी हार अडकवला आणि दोन पावलं मागं येऊन नमस्कार केला. हार पाहुण्यांच्या फोटोवर बसला होता. चांगला मापात बसला होता.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. मुलीनं ओढणीचं टोक दातात धरलं. पाहुणे स्वतःच्या फोटोकडं बघत राहिले, आणि त्यांचा रंग कलप लावलेल्या केसांखाली अगदी उतरला. मालकांना आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं. नंतर घरी म्हणाले, "हिरोबी जित्ताच हाय की! त्याला चालतो, आन् यांना न्हाई?" पण हिरोचं वेगळं. तो इतक्या वेळा मेला आहे की त्याला काही होत नाही.

शेवटी विहीणबाई पुढं झाल्या. हार काढता काढता फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "राहू दिला असता जरा वेळ. बरा दिसत होता."

मी त्यांच्याकडं पाहिलं. चेहरा तसाच, कोरा.

आत बसताना पाहुण्यांनी मालकांकडं बघितलंही नाही. रीतीप्रमाणं पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. भिंतीकडच्या खुर्चीत मालक, त्यांच्याशेजारी पाहुणे, मग मान म्हणून एक खुर्ची मोकळी, तिच्यावर विहीणबाईंची पिशवी, मग विहीणबाई, मी आणि मुलगी. मुलगा मागच्या रांगेत. चिमटा काढायचा म्हटलं तर मालकांच्या दंडापर्यंत माझा हात पोचणार नव्हता, हे दिवे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

तो आला तेव्हा शिट्ट्या झाल्या. पाहुणे उठून उभे राहिले आणि खिशातून झेंडूच्या पाकळ्या काढून उधळल्या. त्या पुढच्या रांगेतल्या एका माणसाच्या टकलावर पडल्या, त्यानं त्या भक्तिभावानं तशाच राहू दिल्या. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला समोरून मोठा बघितला. मोबाईलवर तो माझ्या तळहाताएवढा असायचा, मी त्याच्याकडं वरून बघायचे. इथं तो माझ्याकडं वरून बघत होता. मी पदर सारखा केला. त्याच्या गालावरची भोकं दिसत होती, डोळ्यांतलं पाणी दिसत होतं, आणि उजवा हात थोडासा, अगदी थोडासा कापत होता. तो ते काम म्हणून करत होता की हात खरंच कापत होता, मला कळेना. हातावर काळपट डाग होते, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर असतात तसे. पिक्चर एका म्हाताऱ्याचा होता. थोरल्या भावाशी जुनं भांडण आहे, आता आपण जगत नाही हे त्याला कळतं, म्हणून तो भावाला भेटायला निघतो. गोष्ट एवढीच. मध्ये उगाच दोन गाणी आणि एक गुंड घातलाय, ते काढलं असतं तर पिक्चर चांगला झाला असता.

पण मला तो सरळ बघायला मिळाला नाही. एक डोळा पडद्यावर आणि एक मालकांवर. इंटरवलच्या आधी त्यांची मान दोनदा पडली, दोन्ही वेळा गुंडानं गोळी झाडली म्हणून सावरली. इंटरवलला मी मुलीकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते, पिक्चरसाठी नव्हे.

"आई, दुसऱ्या भागात गोळ्या न्हाईत," ती हळूच म्हणाली. "मी विचारून घेतलंय."

परत आत येताना मी पुढं झाले. मोकळ्या खुर्चीवरची पिशवी उचलून विहीणबाईंच्या मांडीवर ठेवली आणि तिथं बसले. व्याह्याशेजारी. अशी रीत नाही. विहीणबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, पिशवीतून भडंगाचा डबा काढला आणि खायला सुरुवात केली.

दिवे गेले आणि मालक गेले. डोकं आधी छातीवर आलं, मग हळूहळू पाहुण्यांच्या खांद्याकडं कलायला लागलं. पाहुण्यांच्या खांद्याला काहीतरी लागलं असावं, त्यांनी मान तिकडं वळवायला घेतली.

"पाहुणे," मी म्हणाले.

ते माझ्याकडं वळले. आता काहीतरी बोलणं भाग होतं. मला बोलता येईल अशी जगात एकच गोष्ट होती, आणि ती समोर चालली होती. दोघं भाऊ अंगणात जेवायला बसले होते. ताट मोठं करून दाखवलं, त्यात एक हात भाकरी मोडत होता.

"हा हात त्याचा न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"जेवतोय तो हात. दुसऱ्या कुणाचा तरी हाय. कापत न्हाई, डाग न्हाईत."

"विहीणबाई," पाहुणे दातांवर दात ठेवून म्हणाले, "साहेब डुप्लिकेट वापरत न्हाईत."

"मग हेलिकॉप्टरातनं कोण पडलं?"

"ते इन्शुरन्सवाल्यांनी अडवलं म्हणून."

"आन् जेवायला कुणी अडवलं?"

मागून आवाज आला, "ओ काकू, घरी जाऊन भांडा की!"

मला घाम फुटला. पण पाहुण्यांची पाठ आता मालकांकडं होती, आणि ती तशीच राहायला हवी होती.

"तुम्ही साहेबांचे पिक्चर बघितलेत तरी किती?" त्यांनी विचारलं.

"जत्रेत येत होते तेवढे. मग टीव्हीवरचे."

"ट्रक ड्रायव्हर हुता त्यात शेवटाला काय खातो, सांगा."

"काय न्हाई. चहा पितो. बशीत वतून. निम्मा क्लीनरला देतो."

पाहुणे खुर्चीत सरळ झाले. "आन् इन्स्पेक्टर झालता त्यात?"

"डबा उघडतो, पण बायकोनं चिठ्ठी ठेवलेली असती, म्हणून हसतो आन् झाकतो. पहिल्यांदाच न जेवता उठला तो."

"शेठ झालता त्यात?"

"ते मला आवडलं न्हाईत."

"आवडलं न्हाईत?" त्यांचा आवाज चढला. "ते साहेबांचं सगळ्यात मोठं काम हाय! काय कोट, काय चालणं!"

"चालायला काय, कोट कुणीबी चालवंल."

"ओ मामा," मागचा माणूस म्हणाला, "आम्ही तिकीट काढून आलोय."

"आम्ही काय भिंतीवरनं आलोय का?" पाहुणे मागं वळून म्हणाले. मागं वळताना त्यांनी मालकांच्या बाजूनं वळू नये म्हणून मी घाईनं विचारलं, "ते मिठाचं बघितलंय का तुम्ही? मीठ शोधायला उठतो ते?"

पाहुणे परत माझ्याकडं वळले. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा निळा दिसत होता.

"त्याच्यावर बोलू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "ते बघून आल्यावर किती दिवस मला जेवान गेलं न्हाई."

"गेलं," पलीकडून विहीणबाई भडंग चावत म्हणाल्या. "दोन्ही टायमाला गेलं. वाढायला मीच हुते."

मग ते हसले, आणि मीही हसले. एवढ्या मोठ्यानं मी बाहेर कधी हसले नव्हते. आमचं सुरूच राहिलं. कुठल्या पिक्चरात त्याला ताप होता आणि तरी त्यानं काम केलं, कुठल्या दिग्दर्शकाला तो कळलाच नाही, बाप व्हायला त्यानं किती उशीर केला. पाहुण्यांना माहिती खूप होती, माझ्याकडं माहिती नव्हती, मी फक्त बघितलं होतं. मध्येच ते चिडायचे, मध्येच खुर्चीच्या हातावर थाप मारायचे. माझ्या घशाला कोरड कशी पडली नाही, देव जाणे.

एकदम दिवे लागले. सगळं थेटर नाकं ओढत होतं. पाहुणे दचकून पडद्याकडं वळले. तिथं नावं वर चढत होती.

"गेले?" त्यांनी विचारलं. "साहेब गेले?"

"मेला एकदाचा," विहीणबाई म्हणाल्या आणि डब्याला झाकण लावलं.

पाहुण्यांनी मान वळवली. आता मध्ये मी काहीच घालू शकत नव्हते. मालक नुकतेच जागे झाले होते. एकदम डोळ्यांवर उजेड आल्यानं दोन्ही डोळे लालभडक झाले होते आणि त्यांतून पाणी गळत होतं. गारठ्यानं नाक वाहत होतं, ते गळ्यातल्या टॉवेलनं पुसत होते. समोर बघून डोळे मिचकावत होते. आपण कुठं आहोत हे त्यांना अजून आठवायचं होतं, पण शिकवलेलं वाक्य आठवलं.

"काय काम केलंय!" ते म्हणाले. झोपेनं आवाज घोगरा झाला होता, वाक्याच्या शेवटी फाटला.

पाहुण्यांनी मालकांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मग त्यांनी मालकांना मिठी मारली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "हाराचं मी मनातनं काढलं. एवढं रडलेला माणूस मी माझ्या पावण्यारावळ्यांत बघितला न्हाई."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग तेही पाहुण्यांच्या पाठीवर थोपटायला लागले, एखाद्याच्या घरी दुखवट्याला गेल्यासारखे.

चौफुल्यावर चहाला थांबलो आणि तिथंच साखरपुड्याचं बोलणं झालं. विहिरीचं, गोठ्याचं कुणी विचारलं नाही. मुलगा आणि मुलगी दोन वेगवेगळ्या टेबलांवर बसून एकाच वेळी हसत होते. पाहुण्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मालकांच्या जवळ सरकले.

"एक विचारतो, राग मानू नका. पोरगी आईवर गेलीय का तुमच्यावर?"

"माझ्यावर," मालक म्हणाले.

"मग हरकत न्हाई. मंजी विहीणबाई चांगल्या हाईत, पण जरा बोलक्या हाईत. पिक्चर बघूच दिला न्हाई मला. पोराच्या डोक्याला ताप नको."

मालकांनी समजूतदारपणे मान डोलावली. "घरीबी असंच हाय," ते म्हणाले.

विहीणबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं.

शेवट मला विहीणबाईंनी सांगितला, गाडीपर्यंत चालत येताना. म्हातारा भावाच्या मांडीवर जातो. मरताना काही बोलत नाही, नुसता भावाच्या सदऱ्याचं बटण धरून ठेवतो. "बरं केलंय," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मरताना भाषण केलं न्हाई." मला वाटतं, त्या शेवटच्या पिक्चरबद्दल याहून नेमकं कुणी बोललं नसेल. मी अजून तो बघितलेला नाही. कासुर्डीत माझं नाव बोलकी विहीण असं पडलंय ते मुलीकडून कळलं, आणि आप्पा फार हळव्या मनाचे आहेत, त्यांना वाईट पिक्चर दाखवू नका, असंही त्या घरात सगळ्यांना बजावलंय म्हणे.

गाडीत बसणार तेवढ्यात पाहुणे माझ्यामागं आले. इकडंतिकडं बघितलं. त्यांचा आवाज थेटरातल्यासारखा नव्हता.

"विहीणबाई, तो हात," ते म्हणाले. "खरंच साहेबांचा नव्हता?"

मुलगी मागच्या सीटवर बसून काचेतून माझ्याकडं बघत होती. सगळा दिवस तिच्या चेहऱ्यावर नव्हतं ते समाधान आता होतं.

"अंधार होता," मी म्हणाले. "मला नीट दिसलं न्हाई. त्याचाच असंल."

पाहुण्यांनी मान हलवली. पण ते लगेच गेले नाहीत. हॉटेलच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी स्वतःचा उजवा हात धरला, उलटा केला, मागच्या बाजूचे डाग अंगठ्यानं चोळून बघितले, जाताहेत का म्हणून. मग हात खिशात घातला आणि मला राम राम करायचा राहिलाय हे लक्षात आल्यावर दुसऱ्याच हातानं केला.